उनकेश्वरचं गरम पाणी, हिटरचा खार अन् विहिरीतले स्फटिक : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बोरच्या जड पाण्यावर लिहिलं होतं, त्यावर मराठवाड्यातनं एवढे प्रश्न आले की हा सगळा अंकच पाण्याला द्यावा लागतोय. प्रश्न वेगवेगळे दिसतात, कुणी कुंडाबद्दल विचारलंय, कुणी हिटरबद्दल, कुणी विहिरीत सापडलेल्या दगडांबद्दल, पण सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, गरम पाणी अन् खडक एकमेकांना भेटले की काय होतं. म्हणून सगळे एकत्रच घेते.

प्रश्न (एक वाचक, किनवट तालुका) : आमच्या इकडं उनकेश्वरला बारा महिने गरम पाणी येतं. लोक खाज-खरूज, सांधेदुखीसाठी लांबून लांबून आंघोळीला येतात. कुणी म्हणतं खाली ज्वालामुखी हाय, कुणी म्हणतं गंधकाची खाण हाय अन् ती आतून पेटलीय. खरं काय? अन् पाण्यात ती खनिजं येतात कुठनं?

दादा, ज्वालामुखी नाही अन् पेटलेली खाण तर अजिबात नाही, गंधक पेटायचं तर हवा लागते, पाण्यानं भरलेल्या भेगांमध्ये ती कुठनं येणार. आपल्या दख्खनचा काळा दगड म्हणजे लाव्हाच आहे हे खरं, पण तो ओतला गेला साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी, त्याची उष्णता कधीच निघून गेली.

उष्णता येते ती जमिनीच्या नेहमीच्या तापातनं. जसजसं खाली जाल तसतसं दर किलोमीटरला साधारण 20 ते 30 अंशांनी तापमान वाढत जातं, हे लातूरलाही होतं अन् लंडनलाही होतं. म्हणजे पावसाचं पाणी भेगेतनं किलोमीटर-दीड किलोमीटर खाली उतरलं की ते आपोआप तापणार. खरा प्रश्न आहे तो वर येण्याचा. हळूहळू झिरपत आलं तर वाटेतच गार होतं. पण एखादी खोल, सरळ भेग मिळाली की ते भरभर वर येतं अन् गरमच बाहेर पडतं. म्हणून गरम झरे सगळीकडं नसतात, जिथं अशी वाट आहे तिथंच असतात.

आता खनिजांचं. पावसाचं पाणी जमिनीत शिरताना मातीतनं, मुळांजवळनं कार्बन डायऑक्साईड घेऊन जातं, त्यामुळं ते किंचित आंबट होतं, सोड्याच्या बाटलीतलं पाणी असतं तसलंच पण फार सौम्य. हे पाणी बसाल्टला, म्हणजे त्याच काळ्या दगडाला, किंवा त्याच्या खालच्या ग्रॅनाईटला भिडलं की पाण्यातला हायड्रोजन खडकातल्या खनिजात घुसतो अन् त्याच्या बदल्यात सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम बाहेर पडतात, सोबत सिलिकाही, म्हणजे गारगोटी ज्याची बनते तो पदार्थ, सुटते. मागं उरते ती चिकणमाती. बसाल्टमध्ये लाव्हा झटकन गार होताना तयार झालेली काच असते ती अन् ऑलिविन नावाचं खनिज हे दोन सगळ्यात आधी बळी पडतात, मग पायरॉक्सिन अन् फेल्स्पार ही दगडातली बाकीची खनिजं. थंड पाण्यात हे काम हजारो-लाखो वर्षं चालतं, गरम पाण्यात त्याचा वेग कितीतरी पटींनी वाढतो. अन् खोलवर दाब एवढा असतो की पाणी 100 अंशांना उकळतच नाही, किलोमीटरभर खाली ते 300 अंशांपर्यंत पाणीच राहू शकतं. असलं पाणी आपल्या ओळखीच्या पाण्यासारखं वागतच नाही, 250 अंशांना शुद्ध पाण्याचा उदासीन पीएच 7 नसून साडेपाचच्या आसपास असतो. (उनकेश्वरच्या खाली एवढा ताप आहे असं समजू नका, हे मी आइसलँड, न्यूझीलंडसारख्या जागांचं सांगतेय.)

अन् इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढची सगळी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. पाणी खडकातनं फक्त घेत नाही, परत ठेवतं पण. एक खनिज विरघळत असतं त्याच भेगेत दुसरं तयार होत असतं. वर जे पाणी येतं त्यात या सगळ्या देवाणघेवाणीतनं उरलेलं असतं.

गंधकाच्या वासाबद्दल. तो वास हायड्रोजन सल्फाईड वायूचा, सडक्या अंड्यासारखा. आपलं नाक या वायूला एवढं तिखट आहे की अगदी नावापुरता असला तरी कळतो, त्यामुळं वास दांडगा म्हणजे गंधक भरपूर असं होत नाही. खडकातल्या पायराईटसारख्या खनिजांशी पाण्याची रिअ‍ॅक्शन होऊन किंवा पाण्यातलं सल्फेट जिवाणूंनी मोडून तो तयार होतो. चांदीचे पैंजण घालून असल्या पाण्यात उतरलं की ते काळे पडतात ना, ती काळी पुटं म्हणजे सिल्व्हर सल्फाईड. अन् हा वायू हवेतल्या ऑक्सिजनला भेटला की त्यातनं गंधकाचे अगदी बारीक कण सुटतात, त्यानं कधीकधी अशा कुंडातलं पाणी दुधाळ दिसतं. आंघोळीनं बरं वाटत असेल तर जरूर करा, पण त्वचेच्या डॉक्टरनं दिलेलं औषध कुंडाच्या भरवशावर बंद करू नका.

प्रश्न (एक ताई, परभणी) : चहात साखर गरम असताना पटकन विरघळते, गार झाल्यावर तळाशी बसते. मग बोरचं पाणी तापवलं की हिटरच्या कॉईलवर पांढरा खार का चढतो? गरम पाण्यात जास्त विरघळायला पाहिजे ना? आमची कॉईल वर्षभर पण टिकत नाही.

ताई, तुमचा हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, कारण जिओथर्मल, म्हणजे जमिनीतल्या उष्णतेवर चालणाऱ्या, प्लांटमधल्या इंजिनिअरांची निम्मी डोकेदुखी नेमकी हीच आहे.

साखरेचा नियम सगळ्यांना लागू होत नाही. कॉईलवरचा खार म्हणजे मुख्यतः कॅल्साईट, चुनखडीच म्हणा. तो पाण्यात टिकून असतो तो पाण्यातल्या कार्बन डायऑक्साईडच्या जिवावर. जोवर तो वायू पाण्यात आहे तोवर कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेलं राहतं. पाणी तापलं की वायू बुडबुड्यांतनं पळून जातो, अन् वायू गेला की कॅल्शियमला पाण्यात राहायला आधारच उरत नाही, ते कार्बोनेट होऊन समोर जो पृष्ठभाग सापडेल त्यावर बसतं. सगळ्यात तापलेला पृष्ठभाग कोणता? कॉईल. त्यात परत कॅल्साईटचा स्वभावच उलटा आहे, वायूचं प्रमाण तेवढंच ठेवलं तरी तापमान वाढेल तशी त्याची विरघळण्याची क्षमता कमी होते. जिप्समच्या जातीचा अ‍ॅनहायड्राईटही असाच उलट्या स्वभावाचा, समुद्राचं पाणी 150 अंशांच्या पुढं तापवलं की त्यातनं अ‍ॅनहायड्राईट बाहेर पडतो, समुद्रतळाच्या भेगांमध्ये तो असाच साचतो.

सिलिका मात्र तुमच्या साखरेच्या बाजूची. क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 10 मिलिग्रॅमसुद्धा धड विरघळत नाही, 100 अंशांना 50 च्या आसपास जाते, 200 अंशांना 260 च्या पुढं अन् 250 ला साडेचारशेच्या पुढं. म्हणजे दगडासारखा दगड, ज्यानं काचेवर ओरखडा उठतो, तो गरम पाण्यात असा उतरत जातो.

आता या दोघांना एकाच बोअरमध्ये बघा. जिओथर्मल बोअरमधनं 250 अंशांचं पाणी वर येतंय, वर येताना दाब कमी होतो अन् एका ठरावीक खोलीवर ते पाईपमध्येच उकळायला लागतं. त्याच जागी कार्बन डायऑक्साईड वाफेबरोबर निघून जातो अन् त्याच जागी, थोडं वरपर्यंत, पाईपच्या आत कॅल्साईटचं कडं चढायला लागतं. तुमच्या कॉईलवर जे होतं तेच, पण शेकडो मीटर खोल. सिलिका तिथं काही करत नाही, ती पुढं येते, वाफ वेगळी केल्यावर उरलेलं पाणी गार व्हायला लागलं की मग जमिनीवरच्या पाईपांत, उष्णता काढून घ्यायच्या यंत्रांत अन् पाणी परत खाली सोडायच्या बोअरमध्ये ती बसते. एक खनिज तापण्या-उकळण्यानं बसतं, दुसरं गार होण्यानं. म्हणून उपाय पण वेगळे, कॅल्साईटसाठी उकळी फुटते त्याच्या खालपर्यंत बारीक नळी सोडून खार धरू न देणारं औषध टाकतात, सिलिकासाठी पाणी एका मर्यादेपेक्षा गारच होऊ देत नाहीत किंवा थोडं अ‍ॅसिड घालून तिचं गोठणं लांबवतात.

निसर्गात पण हा फरक उघड दिसतो. अमेरिकेत यलोस्टोनला गिझरभोवती जे करडं-पांढरं कडक कवच आहे ते सिलिकाचं, पण त्याच पार्कात मॅमथ हॉट स्प्रिंग्सला पायऱ्यापायऱ्यांचे जे पांढरे टप्पे आहेत ते कॅल्साईटचे, कारण तिथं पाणी चुनखडकातनं येतं. आइसलँडच्या ब्लू लगूनचं नाव ऐकलं असेल, ते कुंड नैसर्गिक नाही, शेजारच्या स्वार्टसेंगी प्लांटचं वापरून झालेलं पाणी लाव्हाच्या दगडांत सोडलं, पाण्यातली सिलिका बसत गेली, तळ बुजत गेला, पाणी मुरायचं थांबलं अन् तळं झालं. त्याचा निळा रंगही सिलिकाच्या बारीक कणांमुळंच.

तुमच्या कॉईलसाठी सोपं सांगते. पाणी कडकडीत उकळू देऊ नका, 50-55 अंशांवर थर्मोस्टॅट ठेवला तर खार बराच कमी चढतो. चढलेला खार घासून काढू नका, कॉईल खराब होते, प्लग काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून ठेवा, फसफसून निघून जाईल. फसफसला नाही तर त्यात सिलिकेटचा भाग जास्त आहे, त्यावर व्हिनेगर चालत नाही.

प्रश्न (एक शेतकरी, सिल्लोड तालुका) : विहीर खोल करताना काळ्या पाषाणात एक पोकळी लागली, आत सगळे चकाकणारे स्फटिक. काही पांढरे सुईसारखे, काही फिकट गुलाबी, काही हिरवट काचेसारखे. गावात कुणी हिरे म्हणतं, कुणी म्हणतं देवाचं हाय, हात लावू नका. हे काय असतं अन् दगडाच्या आत गेलं कसं?

काका, हिरे नव्हेत, पण जे आहे ते बघायला जगभरातनं लोक आपल्या महाराष्ट्रात येतात, हे मी मनापासून सांगते. यातले बरेचसे झिओलाईट जातीचे असणार. अजिंठ्याच्या डोंगरापासून जळगाव, नाशिक, पुण्यापर्यंतचा बसाल्ट या खनिजांसाठी जगातल्या मोठमोठ्या म्युझियममध्ये नाव कमावून बसलाय, सिन्नरला तर गारगोटी संग्रहालयच आहे, जमलं तर मुलांना घेऊन जा.

दगडाच्या आत ते गेले नाहीत, आतच तयार झाले. लाव्हा वाहताना त्यात वायूचे बुडबुडे असतात, लाव्हा गोठला की ते बुडबुडे पोकळ्या म्हणून राहतात. मग त्या थरातनं कोमट-गरम पाणी फिरायला लागतं अन् वर सांगितलेली देवाणघेवाण सुरू होते, काच विरघळली, सिलिका सुटली, अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम सुटलं अन् हे सगळं पाण्याबरोबर पोकळीत येऊन नव्या खनिजाच्या रूपात भिंतीवर बसलं. हे काम एका झटक्यात झालं नाही, टप्प्याटप्प्यानं झालं, काही स्फटिक तर भोवतीच्या लाव्हापेक्षा पुष्कळ तरुण निघालेत.

पोकळीचा एखादा तुकडा हातात घ्या अन् उन्हात धरून कडेकडून आतल्या बाजूला बघत या. अगदी भिंतीला चिकटून बऱ्याचदा एक पातळ हिरवा थर असतो, मातकट, नखानं सहज खरवडतो, तो सेलाडोनाईट, ती एक प्रकारची अभ्रकाच्या कुळातली माती. त्याच्यावर कधीकधी निळसर-राखाडी, मेणासारखा गुळगुळीत थर येतो, तो कॅल्सेडनी, सिलिकाच ती, पण स्फटिक डोळ्यांना न दिसणारी. मग त्याच्यावर खरे स्फटिक उभे राहतात, फिकट गुलाबी, मधे आवळलेल्या पेंढीसारखे जुडगे असतील तर स्टिल्बाईट, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी चमक मारणारे ठोकळे असतील तर ह्यूलँडाईट, केसासारख्या बारीक पांढऱ्या सुया असतील तर मेसोलाईट नाहीतर स्कोलेसाईट, अन् तुम्ही म्हणता ते हिरवट, काचेसारखे चौकोनी म्हणजे बहुतेक अ‍ॅपोफिलाईट, तो झिओलाईट नाही पण कायम त्यांच्याच संगतीत असतो. भिंतीकडनं मध्याकडं जाल तसे तुम्ही जुन्या पाण्याकडनं नव्या पाण्याकडं जाता, पाण्याची रचना अन् ताप बदलत गेला तसतसं त्या पाण्यानं काय ठेवलं ते थरावर थर असं समोर असतं.

तापमानाचा अंदाजसुद्धा लागतो. आइसलँडमध्ये लोकांनी गरम बोअर घेतले, प्रत्येक खोलीवरचं तापमान मोजलं अन् तिथनं निघालेल्या दगडातलं खनिज बघितलं, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच जागेवर ताडून बघता आल्या. त्यावरनं असं दिसलं की चॅबझाईट 70 अंशांच्या खाली, मेसोलाईट-स्कोलेसाईट साधारण 70 ते 90, स्टिल्बाईट 90 ते 110, त्याच्या पुढं लॉमोन्टाईट. अन् 230-250 च्या पुढं गेलात की हिरवट-पिवळा एपिडोट दिसायला लागतो. आपल्या दगडाला हेच आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, पाण्यात काय विरघळलंय त्यावर पण फरक पडतो, पण तुमच्या पोकळीतनं एके काळी गरम पाणी फिरत होतं एवढं यावरनं पक्कं म्हणता येतं. सिल्लोडला आज गरम झरा नसेल, पण तुमची विहीर कधीकाळच्या गरम पाण्याच्या वाटेवरच खोदली गेलीय.

ओळखायला दोन सोप्या चाचण्या. व्हिनेगरचा थेंब टाका, फसफसला तर कॅल्साईट. काचेवर ओढून बघा, ओरखडा उठला तर क्वार्ट्झ किंवा कॅल्सेडनी. दोन्ही नाही झालं तर बहुतेक झिओलाईट किंवा अ‍ॅपोफिलाईट. झिओलाईटच्या जाळीत पाणी अडकलेलं असतं, 1756 साली स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी असला दगड ज्योतीवर धरला तेव्हा तो फसफसून वाफ सोडायला लागला, तिथनंच या कुळाची ओळख सुरू झाली. म्हणून तुमचे स्फटिक चुलीजवळ किंवा टळटळीत उन्हात ठेवू नका, त्यातले काही पाणी गमावून पांढरे, भुसभुशीत होतात. अन् काका, कळकळीची विनंती, सब्बलीनं फोडून किलोच्या भावानं कुणाला देऊ नका. आधी जवळच्या कॉलेजच्या जिओलॉजीच्या मास्तरांना दाखवा, पोकळी जागेवर असताना फोटो काढू द्या. एकदा फुटलं की कोणता थर आधीचा अन् कोणता नंतरचा हे परत कुणालाच सांगता येणार नाही.

प्रश्न (एक वाचक भगिनी, हिमायतनगर) : गरम कुंडाचं पाणी बाटलीत भरून आणून रोज कपभर पिलं तर पोट साफ राहतं म्हणतात. सासूबाई पितात. चालतं का?

नको ताई. अंगावर घेणं वेगळं अन् रोज पिणं वेगळं.

कारण सांगते, तेच सासूबाईंनाही समजावून सांगा. खडकात, विशेषतः ग्रॅनाईटमध्ये, फ्लोराईड असलेली खनिजं असतात. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराईडला धरून फ्लोराईट म्हणून खाली बसवतं, म्हणजे कॅल्शियम हा फ्लोराईडवरचा लगामच. पण पाणी खोल जाऊन तापलं की त्यातलं कॅल्शियम कॅल्साईट म्हणून, झिओलाईट म्हणून वाटेतच उतरतं, वर परभणीच्या ताईंच्या कॉईलवर उतरलं तसंच, अन् सोडियम तेवढं उरतं. लगाम सुटला, फ्लोराईड वाढत राहतं. त्यामुळं गरम झऱ्यांचं पाणी बऱ्याचदा मऊ लागतं, साबणाला छान फेस येतो, लोकांना वाटतं किती चांगलं पाणी, अन् नेमकं त्यातच फ्लोराईड जास्त असू शकतं. काही ठिकाणच्या झऱ्यांत बोरॉन, आर्सेनिक पण असतं.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात फ्लोराईडची मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे, दुसरी सोयच नसेल तर जास्तीत जास्त 1.5. नांदेड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत साध्या बोरच्या पाण्यातच हा आकडा ओलांडलेला असतो, लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे अन् मोठ्यांची कंबर-गुडघे आखडणं ही त्याची खूण. त्यात कुंडाच्या पाण्याची भर कशाला घालायची. अन् उकळून घेतलं की चालतं हा समज तर आधी काढून टाका, उकळून फ्लोराईड जात नाही, पाणी आटतं अन् प्रमाण उलट वाढतं. गाळून, तुरटी फिरवून, तांब्याच्या हंड्यात ठेवून पण भरवसा नाही. आरओ किंवा अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाचा फिल्टर लागतो. घरच्या बोरचं पाणी तपासलं नसेल तर जिल्ह्याच्या पाणी तपासणी लॅबमध्ये नमुना द्या अन् फ्लोराईड तपासा असं मुद्दाम सांगा.

प्रश्न (एम.एस्सी.चा विद्यार्थी, नांदेड) : वरच्या पाण्याची तपासणी करून खाली किती ताप आहे ते सांगता येतं असं वाचलं. आमच्या गावच्या विहिरीवर ते करून बघितलं तर खाली 100 अंश निघाले! सर हसले. चुकलं कुठं?

गणित चुकलं नाही रे, पाणी चुकीचं निवडलंस.

आधी बाकीच्या वाचकांसाठी. सिलिका गरम पाण्यात जास्त विरघळते हे वर आलंच, अन् तिची दुसरी खोड अशी की कमी तापमानाला क्वार्ट्झ म्हणून बाहेर पडायला ती फार वेळ लावते. म्हणजे खाली 150 अंशांना पाणी अन् क्वार्ट्झ यांचा हिशोब जुळला, मग पाणी भेगेतनं भरभर वर आलं अन् गार झालं, तरी सिलिका तेवढीच राहते, खालच्या तापाचा आकडा पाण्यात लिहिलेला राहतो. यावरनं अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण संस्थेतले रॉबर्ट फोर्निये यांनी 1977 मध्ये मांडलेलं सूत्र आजही वापरतात, 5.19 मधनं सिलिकाच्या आकड्याचा लॉग वजा करायचा, आलेल्या उत्तरानं 1309 ला भागायचं अन् 273.15 वजा करायचे. लिटरला 100 मिलिग्रॅम सिलिका असेल तर उत्तर 137 अंश येतं.

आता तुझी विहीर. हे सूत्र गृहीत धरतं की खाली सिलिकाचा ताबा क्वार्ट्झकडं आहे अन् दोघांचा समतोल झालाय. आपल्या बसाल्टमध्ये क्वार्ट्झचा ताबा कुठला, तिथं काच आहे, कॅल्सेडनी आहे, अन् काच तर थंड पाण्यातसुद्धा सिलिका सोडत राहते. बसाल्टमधल्या साध्या थंड विहिरीत 40-50 मिलिग्रॅम सिलिका सहज मिळते अन् 48 घातलेस की सूत्र इमानदारीत 100 अंश सांगतं. कॅल्सेडनीचं सूत्र वेगळं आहे, 1032 भागिले 4.69 वजा लॉग, मग 273.15 वजा, त्यानं तेच पाणी 70 अंश येतं, ते पण खोटंच, कारण तुझ्या विहिरीच्या पाण्यानं खोल ताप बघितलेलाच नाही. पण बघ, एकाच आकड्यावर दोन सूत्रांत 30 अंशांचा फरक. आइसलँडमध्ये, तिथंही बसाल्टच, 180 अंशांच्या खालच्या पाण्याला बहुतेक वेळा कॅल्सेडनीचं सूत्र लावतात, आपणही आपल्या गरम झऱ्यांना तेच आधी लावून बघावं असं माझं ठाम मत आहे.

म्हणून एकट्या सिलिकावर जाऊ नकोस. सोडियम-पोटॅशियमचं गुणोत्तर बघ. खाली दोन फेल्स्पार असतात, एक सोडियमचा, एक पोटॅशियमचा, अन् गरम पाण्यात ते आपसात सोडियम-पोटॅशियमची अदलाबदल करतात, ताप जेवढा जास्त तेवढं पाण्यात सोडियमच्या मानानं पोटॅशियम वाढतं. वर येताना साधं पाणी मिसळलं तर सिलिका पातळ होते पण हे गुणोत्तर फारसं हलत नाही. पण हेही 150 अंशांच्या खाली नीट चालत नाही, तिथं चिकणमातीच पोटॅशियमचा खेळ बिघडवते. तिसरं, मॅग्नेशियम बघ. खरं तापून आलेल्या पाण्यात मॅग्नेशियम फारच कमी असतं, स्मेक्टाईट अन् क्लोराईट ही चिकणमातीसारखी खनिजं तयार होताना ते ओढून घेतात. तुझ्या विहिरीच्या रिपोर्टमध्ये मॅग्नेशियम बघ, लिटरला वीस-तीस मिलिग्रॅम असेल तर तिथंच थांबायचं, पुढची सगळी सूत्रं बाजूला ठेवायची. सिलिका, सोडियम-पोटॅशियम अन् मॅग्नेशियम तिघंही एकच गोष्ट सांगत असतील तेव्हाच तापमानावर बोट ठेव.

नमुना घेताना पण काळजी घे. गरम पाण्यात सिलिका जास्त असेल तर बाटलीत गार होताना ती जेल होऊन बसते अन् लॅबचा आकडा कमी येतो, म्हणून एक बाटली तिथल्या तिथं डिस्टिल्ड वॉटरनं दहापट पातळ करायची. धातूंसाठीची बाटली आधी बारीक फिल्टरमधनं गाळून मग नायट्रिक अ‍ॅसिडचे थेंब टाकायचे. पीएच झऱ्याच्या तोंडाशीच मोजायचा, लॅबमध्ये जाईपर्यंत कार्बन डायऑक्साईड उडून गेलेला असतो अन् पीएच वर सरकलेला असतो. काचेची बाटली तर वापरूच नकोस, ती स्वतःच सिलिका सोडते.

प्रश्न (एक निवृत्त शिक्षक, लातूर) : मराठवाड्यात या उष्णतेवर वीज होईल का? निदान काही उपयोग?

गुरुजी, आपल्या इकडच्या झऱ्यांवर मोठी वीज होईल असं मला वाटत नाही. भूऔष्णिक विजेची सुरुवात 1904 मध्ये इटलीत लार्डेरेल्लोला झाली, पाच बल्ब पेटवून, पण तिथं जमिनीतनं थेट वाफ येत होती. कमी तापाच्या पाण्यावर वीज करणारे प्लांट आहेत, अलास्कात चेना इथं 74 अंशांच्या पाण्यावर 2006 पासून चालतोय, पण तिथली हवा अन् नदीचं पाणी एवढं थंड की तापमानातल्या फरकाचा फायदा मिळतो, आपल्याकडं उन्हाळ्यात बाहेरच 43 अंश. भारतात खरी आशा आहे ती लडाखमधल्या पुगा खोऱ्यात, 2021 मध्ये ओएनजीसीनं तिथं करार केला.

पण आपल्या काळ्या दगडाचा एक उपयोग आहे ज्याच्याबद्दल मला खरंच फार आशा वाटते. आइसलँडमध्ये हेलिशेदी इथल्या जिओथर्मल प्लांटजवळ 2012 मध्ये कार्बन डायऑक्साईड पाण्यात विरघळवून बसाल्टमध्ये सोडला. त्या आंबट पाण्यानं खडकातनं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह सोडवलं अन् वायूचं कार्बोनेट होऊन दगड बनला, 95 टक्क्यांहून जास्त, दोन वर्षांच्या आत. कुणाचा अंदाजच नव्हता एवढ्या लवकर होईल असा. किनवटच्या भावाला सांगितलेली आंबट पाण्याची रिअ‍ॅक्शन अन् परभणीच्या ताईंचा खार, दोन्ही एकाच बोअरमध्ये, मुद्दाम घडवलेल्या. आपल्याकडं दख्खनचा बसाल्ट साधारण 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. अडचणी आहेतच. एक तर या पद्धतीला पाणी फार लागतं, एक टन वायूला वीसेक टनांपेक्षा जास्त, अन् ते मराठवाड्यानं कुठनं आणायचं हा प्रश्न आइसलँडला पडत नाही. दुसरं, लाव्हाच्या पोकळ्या झिओलाईटनं आधीच भरलेल्या असल्या तर पाणी फिरणार कुठनं. तिसरं, जाडी, किल्लारीला 1993 च्या भूकंपानंतर अभ्यासासाठी जे खोल बोअर घेतलं त्यात बसाल्ट 338 मीटरवरच संपला अन् खाली जुना ग्रॅनाईटच्या जातीचा खडक लागला, पश्चिमेकडं सह्याद्रीत हा थर कितीतरी जाड आहे. म्हणून अशी चाचणी घ्यायची झाली तर आधी पश्चिमेकडं घ्यावी, अन् तीही पिण्याच्या-शेतीच्या पाण्याच्या थरांपासून पुरेशी खोल, हे लिहून ठेवल्याशिवाय कुणाला बोअर मारू देऊ नये.